आप्पांच्या ग्राइंडरचं स्पीड

आप्पा आणि मी भांडलो असं कुणी म्हणणार नाही, कारण आमच्यात आवाज कधी चढलाच नाही. माझे वडील दौंडला रेल्वेत फिटर होते. सगळी हयात इंजिनांच्या पोटाखाली गेली आणि मीही रेल्वेतच लागावं अशी त्यांची इच्छा. आयटीआय झाल्यावर मी परीक्षा दिली, पासही झालो. पण पुढचं बोलावणं येईपर्यंत मी शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटलो होतो. तिथल्या मशिनी नव्याकोऱ्या होत्या, मला त्यांची भुरळ पडली होती. बोलावणं आलं तेव्हा मी गेलोच नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ."

त्यानंतर त्यांना माझ्याशी जे काही बोलायचं असेल ते आईमार्फत यायला लागलं. घरी फोन केला आणि तो आप्पांनी उचलला तर ते जय भीम करायचे, मी जय भीम करायचो, ते म्हणायचे, "आईला देतो." झालं बोलणं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी यात फरक पडला नाही. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आम्ही दौंडला जायचो. विहारात मी त्यांच्या शेजारी बसायचो, जेवायला त्यांच्या शेजारी बसायचो, आणि "भाजी घे", "पाणी दे" याच्यापुढे गाडी सरकायची नाही. वागायला ते कधी वाईट वागले नाहीत. पण स्वतःच्या बापाशी आपल्याला बोलता येत नाही, ही गोष्ट मला आतून खात होती. एवढा मोठा बाप्या झालो तरी खात होती, म्हणून कुणाला सांगायची लाज वाटायची.

बायकोला मात्र ते बरोबर कळलं होतं. ती यवतची. तिकडच्या माणसांना मनात काही ठेवायची सवय नाही, निदान तिला तरी नाही. ती म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांकडं बघून भिंतीशी बोलता, आणि भिंत म्हणजे आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझी आई.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानसं वर्कशॉप थाटलं. भंगारातून ट्रकचे जुने कमानपाटे आणायचे आणि त्यातून खुरपी, विळे, विळीची पाती बनवायची. आमच्या वस्तीतल्या बायका आसपासच्या शिवारात खुरपणीला, कांदा काढायला जातात. त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या हातात आप्पांचं खुरपं असतं. अडचण होती ती धारेची. साध्या ग्राइंडरच्या दगडावर पातं धरलं की क्षणात तापतं, कडेला निळी झाक येते. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग ते खुरपं दोन वाफे काढेपर्यंत बोथट होतं. एकदा एका मावशींनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचं खुरपं दिसायला नवरीसारखं आणि कामाला पाहुण्यासारखं. आप्पांना ते लागलं.

म्हणून त्यांनी बेल्ट ग्राइंडर करायला घेतला. चाकांवरून फिरणारा एमरीचा लांब, खरखरीत पट्टा, त्याला मोटर, आणि पट्ट्यावर पातं धरायचं. सांगाडा त्यांनी स्वतः अँगल वेल्ड करून बनवला, चाकं ओळखीच्या लेथवाल्याकडून कातून घेतली आणि भंगारातून एक एचपीची थ्री फेज मोटर मिळवली. इथवर सगळं सुरळीत झालं आणि मोटरीपाशी गाडं अडलं. घरात लाइट सिंगल फेज, तिच्यावर ही मोटर चालत नाही. शिवाय पातं घडवताना पट्टा जोरात पळायला हवा आणि शेवटची धार काढताना अगदी हळू, नाहीतर पुन्हा तेच निळं. एकाच मोटरला दोन चाली शिकवायच्या कशा?

एका संध्याकाळी मी कामावरून येऊन चहा घेत होतो आणि फोनवर आईचा नंबर आला. उचलला तर आप्पा. मला वाटलं आईला काही झालं. त्यांनी जय भीम केला, घसा खाकरला आणि विचारलं, "तुमच्या कंपनीत मोटरीचं स्पीड कशानं कमीजास्त करत्यात?"

मी चहाचा कप घेऊनच उठून उभा राहिलो. कंपनी हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. मग मी बोलत सुटलो. व्हीएफडी नावाची एक डबी असते, तिला आम्ही ड्राइव्ह म्हणतो. तिच्यात घरची सिंगल फेज घालायची, ती थ्री फेज करून मोटरला देते. नुसती देत नाही, फ्रिक्वेन्सी कमीजास्त करून देते, त्यामुळं एक बटण फिरवलं की मोटर हळू नाहीतर जोरात फिरते. पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच, पण आतलं गणित वेगळं. माझं संपल्यावर आप्पा म्हणाले, "बघू. उद्या बोलू."

ते उद्या म्हणाले, आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

मग तो रोज यायला लागला. मी फर्स्ट शिफ्टला असलो की संध्याकाळी, सेकंडला असलो की सकाळी. माझी शिफ्ट कधी बदलते हे त्यांना माझ्या बायकोपेक्षा पक्कं माहीत असायचं. सुरुवातीला मला धास्ती वाटायची की आज प्रश्न संपतील. पण आप्पांचे प्रश्न संपत नव्हते. हळू चालवल्यावर मोटरीच्या मागचा पंखाही हळूच फिरणार, मग मोटर तापणार नाही का? मी म्हणालो, तापेल, फार खाली उतरवायचं नाही. फार म्हंजी किती? मी सांगितलं. लोखंडाचा चुरा उडतो, तो तुझ्या डबीत शिरला तर? मी म्हणालो, तिला बंद पेटीत बसवू. पेटी बंद केली तर डबी तापेल की. एकेका प्रश्नावर आमचे दोन-दोन, तीन-तीन दिवस जायचे, आणि मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत आमच्या सीनिअरला विचारून उत्तरं तयार ठेवायचो. शाळेत मी एवढा अभ्यास केला असता तर कदाचित इंजिनिअर झालो असतो.

आप्पांचं मन पुलीकडं होतं. मोटरला एक लहानमोठ्या पायऱ्यांची पुली, वरच्या शाफ्टला एक पायऱ्यांची पुली, आणि दोन्ही पुल्यांवरचा पट्टा या पायरीवरून त्या पायरीवर टाकला की स्पीड बदललं. त्यांच्या आयुष्यभराची ओळख होती ती. मी ड्राइव्हच्या बाजूचा. आमची यावर चांगली जुंपायची. ते म्हणायचे, पुलीनं स्पीड कमी केलं की जोर वाढतो, तुझ्या डबीनं वाढतो का? मला कबूल करावं लागायचं की नाही वाढत, आहे तेवढाच राहतो. मग ते खूश. मग मी म्हणायचो की धार काढताना जोर कशाला लागतो, हात हलका लागतो, आणि दर वेळी मोटर बंद करून पट्टा कोण बदलणार? त्यावर ते म्हणायचे, विचार करतो. या 'विचार करतो'मध्ये मला जी मजा यायची ती सांगता येणार नाही. लहानपणापासून त्या माणसानं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. आता मी काहीतरी सांगत होतो आणि ते विचार करत होते.

मध्येच शेजारच्या मामांनी डोकं लढवलं. म्हणाले, कपॅसिटर टाकून मोटर सिंगल फेजवर घ्या आणि पंख्याचा रेग्युलेटर जोडा, हाय काय आन् न्हाई काय. आप्पांनी मला न सांगता ट्रायल घेतली. मोटर घूंऽऽ करत जागच्या जागी बसली, रेग्युलेटरमधून धूर निघाला आणि मामा चप्पल न घालता घरी गेले. हे मला फोनवर सांगताना आप्पा हसले. त्यांचं हसणं मी फोनवर पहिल्यांदा ऐकलं. मोठं, धाप लागल्यासारखं हसणं होतं. मी बायकोला खूण करून जवळ बोलावलं आणि फोन तिच्या कानाला लावला.

एकदा शिरूरमधल्या बंद पडलेल्या जिमची ट्रेडमिलची मोटर मला मिळत होती. डीसी मोटर, तिचं स्पीड कमीजास्त करणं सोपं. ती घ्यावी की नाही यावर आम्ही कितीतरी दिवस काढले. तिच्यात कार्बन ब्रश असतात, त्यात लोखंडाचा चुरा गेला तर काय, पावसाळ्यात शेडमध्ये ओल येते त्याचं काय. शेवटी दोघांनी मिळून ती नाकारली. दोघांनी मिळून, हे महत्त्वाचं. बायको म्हणाली, "आपलं लग्न एका बैठकीत ठरलं. ही मोटर तुमच्यात काय हुंडा मागती का?" मी तिला म्हणालो, तुला नाही कळायचं. तिला सगळं कळत होतं. कळायचं राहिलं ते मला.

आप्पांच्या रेल्वेच्या शेडमधल्या कामाची एक रीत ते मला फोनवर सांगायचे. आपण केलेलं काम आपण पास करायचं नाही, दुसऱ्यानं बघायचं आणि दुसऱ्यानं म्हणायचं. म्हणून ते ग्राइंडरचा एकेक भाग करायचे आणि मला फोटो पाठवायचे. फोटो आईच्या फोनवरून यायचे, कधी अर्धा अंगठा, कधी नुसता पत्रा. मी ते फोटो मोठे करून बघायचो आणि म्हणायचो, पास. कधी मुद्दाम म्हणायचो, हा बोल्ट ढिला वाटतोय आप्पा. मग ते तिथूनच पाना लावून घट्ट करायचे आणि पुन्हा फोटो पाठवायचे.

सगळं होत आलं होतं. राहिलं होतं ते फक्त ठरवायचं, पुली की ड्राइव्ह. आणि ते काही ठरत नव्हतं. पुलीच्या बाजूनं त्यांच्याकडं सांगण्यासारखं फार उरलं नव्हतं, तरी रोज ते एखादा नवीन मुद्दा काढायचे. लाइट कमीजास्त झाली तर डबी जळेल का? जळली तर दौंडात कोण दुरुस्त करणार? मी म्हणायचो, मी करेन. ते म्हणायचे, घाई न्हाई. हे 'घाई न्हाई' त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

मला घाई होती. एक तर इलेक्ट्रिशियनचा स्वभावच वाईट. कंपनीत लाइन बंद पडली की चार माणसं डोक्यावर उभी असतात. फॉल्ट शोधायचा, मिटवायचा आणि पुढं जायचं, एवढंच मला इतकी वर्षं शिकवलं गेलंय. उघडा राहिलेला प्रश्न मला चावतो. पण खरं कारण दुसरं होतं. मला आप्पांच्या शेडमध्ये, त्यांच्या हातोड्या-कानशींच्या शेजारी, माझ्या कामाची एक वस्तू भिंतीवर बघायची होती. मी रेल्वे सोडून काय शिकलो हे त्यांनी रोज बटण फिरवताना बघावं असं मला वाटत होतं. त्यांनी ठरवण्याची वाट बघत बसलो तर ते पुली घेतील, ही भीतीही होती.

म्हणून मी त्यांना न सांगता पुण्याहून ड्राइव्ह मागवला. चांगला, आमच्याकडं असतो तसा. त्याच्यासाठी पत्र्याची पेटी करून घेतली, दाराला रबर लावला, चुरा आत जाऊ नये म्हणून जाळीला फिल्टर बसवला. बाहेर स्पीडचं मोठं काळं बटण आणि मोटर झटक्यात बंद करायचं लाल इमर्जन्सी बटण. वायरींना नंबर घातले. इतकं देखणं वायरिंग मी कंपनीतही कधी केलं नव्हतं. बायको बघत होती. म्हणाली, निदान आदल्या दिवशी सांगून तरी ठेवा. मी म्हणालो, सांगितलं तर मजा काय राहिली?

रविवारी पेटी मोटरसायकलवर मागं बांधली आणि निमोणे, मांडवगण फराटा करत दौंडला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि मी रस्ताभर मनातल्या मनात आप्पांचा चेहरा रंगवत होतो.

पेटी बघून आप्पा उठले. म्हणाले, "हे काय आणलंस?" मी म्हणालो, ड्राइव्ह. आता विचार करायचं काम नाही, लावून टाकू. ते थोडा वेळ पेटीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी भिंतीवरची जागा पुसून दिली. मी ड्रिल मारलं, पेटी टांगली. मोटरच्या डोक्यावरची झाकणी उघडून आतल्या तीन पितळी पट्ट्या आडव्याच्या उभ्या केल्या, कारण घरच्या व्होल्टेजवर तिला तसंच जोडावं लागतं. ते का, हे आप्पांनी एरवी मला आठवडाभर विचारलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता टॉर्च धरला. मला वाटलं, भारावलेत.

मोटर चालू केली. बटण खाली आणलं तसा पट्टा सावकाश, अगदी बैलगाडीच्या चाकासारखा फिरायला लागला. आप्पांनी एक खुरपं धरलं. ठिणग्या तुरळक उडाल्या, पातं तापलं नाही, निळं पडलं नाही. त्यांनी अंगठ्यानं धार बघितली, पुन्हा धरलं, पुन्हा बघितली. बटण वर नेलं, खाली आणलं. मग मोटर बंद केली आणि म्हणाले, "पास."

मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. आईनं मटण केलं होतं, आप्पा जेवताना फारसं बोलले नाहीत, पण ते तसेच. मी परत निघालो तेव्हा ते मोटरसायकलपर्यंत आले आणि म्हणाले की चांगलं काम केलंस. हे वाक्य मला रस्ताभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी मनाशी म्हणालो, नवीन खेळणं मिळालंय, दंग असतील. तिसऱ्या दिवशीही आला नाही. आठवड्यानं मीच केला. आप्पांनी उचलला. चालतंय का, विचारलं. म्हणाले, व्हय, झकास चालतंय. तापतं का? न्हाई. आवाज करतं का? न्हाई. मग ते म्हणाले, "आईला देतो."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. आई पलीकडून नातीची चौकशी करत होती आणि मी हो-नाही करत होतो.

पुढं मी नाना उपाय करून बघितले. उगाच फोन करून विचारायचो की कमीत कमी किती फ्रिक्वेन्सीवर चालवता? ते आकडा सांगायचे. फिल्टर साफ केला का? केला. एकदा म्हणालो, आप्पा, मी इथं एक बेल्ट ग्राइंडर करावा म्हणतो, पुली लावू का ड्राइव्ह? ते म्हणाले, ड्राइव्हच लाव, तूच म्हणला हुतास. वाद घालायलासुद्धा तयार नाहीत. आमच्या कंपनीत वर्षाला कितीतरी ड्राइव्ह जळतात. विजेचा झटका बसला, धूळ गेली, काहीही निमित्त पुरतं. दौंडच्या पेटीतला ड्राइव्ह मात्र जळायचं नाव घेईना. वीज चमकली की मी शिरूरमध्ये बसून आशेनं दौंडच्या दिशेनं बघायचो. स्वतःच्या हातानं केलेलं काम बिघडावं म्हणून वाट बघणारा माझ्यासारखा इलेक्ट्रिशियन दुसरा नसेल.

बायकोला एकदा म्हणालो, काम झालं आणि म्हातारा मला विसरला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, हे त्यांना विचारलंत का? मी म्हणालो, असं कसं विचारणार? ती म्हणाली, तोंडानं.

शेवटी मी विचारलं. मध्ये बरेच महिने गेले होते. आम्ही दौंडला गेलो होतो. आई आणि बायको घरात होत्या, मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी शेडमध्ये गेलो. आप्पा विळीचं पातं धरून बसले होते. त्यांचा हात आता बटणावर न बघता जात होता. मी पाठीमागं उभा राहिलो आणि म्हणालो, "आप्पा, तुम्ही फोन का करत नाही?"

त्यांनी मोटर बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. त्यांनी गॉगल काढला, बनियनला पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "किती दिस तरी तू ऐकून घ्यायचं? तुला ड्युटी हाय, संसार हाय. रोज म्हाताऱ्याची कटकट. मला वाटलंच हुतं, पोरगं एक दिवस कटाळंल. तू तोंडानं काय बोल्ला न्हाईस, आणूनच टाकलंस. मी म्हणलं, बरं केलं त्यानं."

मी म्हणालो की मला अजिबात कंटाळा आला नव्हता, मी तर फोनची वाट बघायचो. पुली की ड्राइव्ह, तुम्हालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून मी आणला.

"ठरवता येत नव्हतं न्हाई," आप्पा म्हणाले. "ड्राइव्हच घ्यायचा हे मला पहिल्याच हप्त्यात पटलं हुतं. पण ठरलं म्हणलं की मग दुसऱ्या दिवशी तुला काय इचारायचं?"

घरातून बायकोच्या बोलण्याचा आवाज येत होता. मला रडू येईल असं वाटलं आणि ते आप्पांसमोर यायला नको होतं, म्हणून मी पेटीजवळ गेलो आणि उगाच दार उघडून आतल्या वायरी बघितल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. एकही स्क्रू ढिला नव्हता. मी वळलो आणि म्हणालो, आप्पा, काढून टाकतो हे. आजच काढतो. आपण पहिल्यापासून बघू, पुली लावून बघू, तुम्ही म्हणाल त्या पायऱ्यांची, मला काही घाई नाही.

मी हे मनापासून म्हणत होतो. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्यांनाही ते कळलं. त्यांनी गॉगल परत डोळ्यांवर चढवला.

"चांगली चालती वस्तू कुणी काढतं का?" ते म्हणाले आणि त्यांनी मोटर चालू केली.